दाललेच्या वाट्याला कागदी फुलं

ज्या दिवशी संगणकाने दाललेताईला कागदाची फुलं करायला बसवलं आणि मालसूनला गायला पाठवलं, त्या दिवशी आमच्या सोलपो गावात हसून हसून लोकांच्या पोटात कळा आल्या. मांजराला कांदे सोलायला बसवावं आणि सशाला उंदीर धरायला धाडावं, तसला प्रकार.

यॉम दालले म्हणजे आमच्या कालवांच्या शेडचा गळा. तिथे आम्ही तीसेक बाया लांब टेबलांशी उभ्या असतो. पायात रबरी बूट, अंगावर रबरी एप्रन, हातात आखूड सुरी आणि समोर कालवांचा डोंगर. हिवाळ्यात समुद्रावरून वारा आत घुसला की आधी बोटं बधिर होतात, मग नाक, मग डोकं. नेमकं तेव्हा दालले मान वर करून म्हणते, "काय गं बायांनो, कुणी मेलंय का?" आणि एकदम वरच्या पट्टीत सुरू होते. बंदर, बोट, सोडून गेलेला दर्यावर्दी, अशी जुनी रडकी गाणी, पण ती गायला लागली की पाय नाचायला लागतात. शिंपलं उघडतानाचा कट्ट आवाजसुद्धा ती तालात घेते. पंचाहत्तरीला टेकलेली, बुटकी, केस बारीक कुरळे करून घेतलेले, आणि कपडा कुठलाही असो, रंग जांभळा. तिचा नवरा दॉकपाल आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर होता, इंजिनाच्या धडधडीने त्याचे कान मंद झाले. तो सांगतो, "बहिरा झालो म्हणून संसार टिकला."

मालसून बरोबर तिच्या समोरच्या जागेवर. चू मालसून सडपातळ, सत्तरीच्या उंबरठ्यावर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती कधीच गायची नाही. शेड दुमदुमत असली तरी तिचे ओठ शिवल्यासारखे बंद. तरुणपणी, नवी सून असताना, ती सोयाबीन कुटता कुटता काहीतरी गुणगुणत होती, तेव्हा सासू म्हणाली होती, "बगळ्याच्या घशात मासा अडकला की काय?" सगळं घर खोखो हसलं. तेव्हापासून तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच. शिवाय गेली दोनेक वर्षं ती आमच्यात जेवायलाही बसत नव्हती. डबा घ्यायची आणि शेडच्या मागे समुद्राकडे तोंड करून एकटीच खायची. आम्हाला वाटलं, गर्व. दालले तर मोठ्याने म्हणायची, "राणीसाहेबांना आमच्या आंबवलेल्या किमचीचा वास सोसवत नाही."

कालवांचा हंगाम नुकता सुरू झाला होता, तेव्हा विद्यापीठातून डॉक्टर मेंग बाई आल्या. चाळिशीतल्या, हसऱ्या, आणि बोलताना सारखा चष्मा डोक्यावर सरकवून मग तो शोधणाऱ्या. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांसाठी एक बैठकघर आहे, खालची जमीन गरम असते, त्यामुळे थंडीत तिथे कुणीही काहीही सांगायला आलं तरी गर्दी होते. मेंग बाईंनी गळ्याचं एक मोठं चित्र भिंतीला लावलं.

"म्हातारपणी गुडघे झिजतात हे तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "घशाचेही स्नायू तसेच ढिले पडतात. घास गिळताना श्वासनळीचं झाकण वेळेवर बंद व्हायला हवं. ते उशीर करतं, आणि भाताचं शीत, पाण्याचा घोट, नाहीतर आपलीच लाळ चुकीच्या वाटेने जाते. मग ठसका लागतो. कधी कधी तर ठसकाही लागत नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो."

गेल्या नववर्षाला आमच्या गावचा जुना सरपंच तॉक खाताना गेला होता. कुटलेल्या भाताचा तो चिकट गोळा, सणाला घरोघरी होतो, आणि दरवर्षी कुणाच्या तरी घशात अडकतो.

"गाताना हेच स्नायू कामाला लागतात," मेंग बाई पुढे म्हणाल्या. "वरचा सूर लावला की कंठ वर उचलला जातो, गिळतानाही तो तसाच उचलला जातो. तेव्हा गाण्याचा सराव करून गिळणं सुधारेल का? काही ठिकाणी लहान लहान अभ्यास झालेत, आशा वाटावी असे. पण खात्रीने सांगता येत नाही. म्हणून मी आलेय."

दालले तिथेच उठून उभी राहिली. "बाई, मग योग्य गावात आलात! घ्या, घसा घ्या, लागेल तेवढा घ्या!" आणि तिने जागच्या जागी एक तान घेतली. खिडकीची काच थरथरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

योजना अशी होती की निम्म्या लोकांनी आठवड्यातून दोनदा गायचं, ठरवलेले सूर, ठरवलेली अक्षरं, दम धरण्याचे प्रकार. उरलेल्या निम्म्यांनी त्याच दिवशी, तेवढाच वेळ, शेजारच्या खोलीत बसून कागदाची फुलं करायची आणि दातांची निगा वगैरे ऐकायची. दोघांना तोच चहा, तोच खाऊ. सुरुवातीला, मध्यावर आणि हिवाळा सरला की सगळ्यांचे घसे मोजायचे. त्यानंतर फुलवाल्यांनाही गाणं शिकवायचं, म्हणजे कुणी वंचित नाही. कोण कुठे, हे संगणक ठरवणार.

आणि संगणकाने मालसूनला गाण्यात टाकलं, दाललेला फुलांत. मलाही फुलांत. पण माझ्याबद्दल कुणाला काही पडलेलं नव्हतं.

दालले तडक मेंग बाईंच्या टेबलाशी गेली. "बाई, यंत्र बिघडलंय."

"नाही बिघडलेलं, आजी."

"अहो, ती मालसून! ती तर शिंकतेसुद्धा आवाज न करता! तिला गायला लावता आणि मला कागद देता? अदलाबदल करा. ती काही म्हणणार नाही. ती कधीच काही म्हणत नाही."

मालसून मागे उभी होती. ती खरोखरच काही म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की हिला आत्ता कुणी सोडवलं तर ही त्याचे पाय धरेल.

"अदलाबदल केली तर सगळं फुकट जाईल," मेंग बाई म्हणाल्या. "ज्यांना गायला आवडतं, तेच गायला बसले, तर शेवटी मी काय मोजेन? गाणं मोजेन की गाण्याची आवड? तुमचा घसा आधीच दणकट आहे. तुमच्यासारख्या सगळ्या एका खोलीत गेल्या, तर जिंकल्या म्हणून सांगायला अभ्यास कशाला हवा?"

"मग आम्ही फुलवाल्या कशाला? शोभेला?"

मेंग बाईंनी चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला. मग म्हणाल्या, "किमचीत नासपती घालतात तुमच्याकडे?"

"घालतात. मी घालते."

"नासपतीने चव सुधारते, हे कशावरून?"

"खाऊन!"

"पण कोबीच चांगला असेल तर? थंडी नीट पडली असेल तर? समजा मी दोन हंडे भरले. तोच कोबी, तेच मीठ, तीच मिरची, एकाच अंगणात ठेवले. एकात नासपती, एकात नाही. आता सांगा, कुठल्या हंड्याशिवाय चालेल?"

दाललेने दोन बोटं वर केली, त्यातलं एक दुमडलं. "म्हणजे मी बिननासपतीची किमची."

"हो."

"तो हंडा नसेल तर यांच्या हंड्याला काही अर्थ नाही."

"काडीचाही नाही."

दाललेने बाह्या सरसावल्या. मग आमच्याकडे वळून गरजली, "फुलवाल्यांनो, ऐकलंत ना? आपण नसलो तर यांचं गाणं म्हणजे नुसता गोंगाट! चला, बसा ओळीने. कागद कुठंय?"

त्या क्षणापासून ती आमची सेनापती झाली. असल्या अभ्यासांत फुलवाल्यांसारखी माणसं कंटाळून गळतात, असं मेंग बाईंनी सहज सांगितलं होतं. दाललेने ते मनावर घेतलं. बैठकीच्या दिवशी सकाळपासून ती जांभळा कोट घालून घरोघरी फिरायची. कुणाला सर्दी झाली असेल तर, "नाक घरी ठेव, हात घेऊन ये." कुणाची सून बाळंत झाली असेल तर, "पोर तिने जन्माला घातलंय, तू नाहीस. चल." माझं तर ती काही विचारायचीच नाही, दारातून चपलाच उचलून न्यायची.

घोळ झाला तो शेडमध्ये. गाणाऱ्या आणि फुलवाल्या एकाच टेबलाशी कालवं फोडत होत्या. गाण्याच्या वर्गात शिकवलेलं 'पा-ता-का, पा-ता-का' हळूच त्यांच्या तोंडातून निसटायचं. एकीने म्हटलं की दुसरीच्या जिभेला खाज सुटते. एकदा आमच्यातली एक बाई नकळत 'पा-ता' म्हणाली आणि दाललेने सुरीची मूठ टेबलावर आपटली, "ए! बिननासपतीची! तोंड बंद!"

मग तिच्या डोक्यात आणखी एक किडा शिरला. आपण गायलो की सगळी शेड गाते, फुलवाल्यासुद्धा. म्हणजे आपणच चोरून नासपती घालतोय! झालं. दालले गप्प झाली. एकदम ठार गप्प. शेडमध्ये नुसता कट्ट कट्ट आवाज आणि नळाचं पाणी. आमचे चेहरे इतके पडले की मालकाने येऊन विचारलं, "पगार वाढवू का?" आम्ही हो म्हणालो, तेव्हा तो आल्या पावली परत गेला.

घरीही ती गप्पच. आणि तिथे वेगळंच रामायण. दॉकपाल काकांच्या कानात दिवसभरात जर काही शिरत असेल तर ते बायकोचं गाणं. तेच बंद झालं. ती स्वयंपाकघरात तोंड मिटून फिरते, हातवारे करून जेवायला बोलावते. त्यांना वाटलं, संपलं, आता आपण पुरते बहिरे झालो. बिचाऱ्यांनी कुणाला सांगितलंही नाही. डोळे पुसत बस धरली आणि शहरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि दोन्ही कानांतून एवढा मळ काढला, की काका सांगतात, तो बघायला नर्स दुसऱ्या खोलीतून आली.

इकडे मेंग बाईंच्या कानावर गेलं की दालले आजींनी गाणं सोडलंय. त्या धावत शेडमध्ये आल्या, त्यांच्या उंच टाचा ओल्या शिंपल्यांत रुतत होत्या. "आजी, नको, नको! गप्प नका बसू!"

"का? मी तर तुमच्यासाठीच…"

"मी सांगितलं होतं ना, नेहमीसारखं वागा! तुम्ही नेहमी गाता. मग गप्प बसणं हासुद्धा बदलच झाला. नेहमीची गाणी गा, फक्त वर्गातले व्यायाम करू नका."

"म्हणजे गायलं तरी पाप, नाही गायलं तरी पाप?"

"नेहमीसारखं गायलं तर पाप नाही."

दालले हवालदिल झाली. "अहो, नेहमीसारखं म्हणजे कसं? तेच आता आठवत नाही!"

आणि खरंच आठवेना. फोटोवाल्याने 'सहज उभे राहा' म्हटलं की माणसाचे हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही, तसं तिचं झालं. सुरुवात करायची, मध्येच थांबून आम्हाला विचारायची, "मी इथे एवढं ओढायचे का गं?" कुणी म्हणे हो, कुणी म्हणे नाही. भांडणं व्हायला लागली. एक म्हणाली, "तू या जागी नाक खाजवायचीस." दालले नाक खाजवून बघायची. शेवटी थंडीच्या एका सकाळी माशांचा ट्रक तिच्या नव्या बुटांवर चिखल उडवून गेला. तिने ट्रकवाल्याला अशा काही शिव्या घातल्या आणि त्या रागाच्या भरातच असं काही गाणं धरलं, की सगळी शेड एका दमात ओरडली, "हेच! हेच नेहमीसारखं!"

संध्याकाळी घरी तिने भांडी घासताना तेच गाणं पुन्हा धरलं. दॉकपाल काका खाटेवरून ताडकन उठले.

"दालले!"

"काय झालं?"

"तू इतक्या मोठ्याने गातेस?"

"चाळीस वर्षं गातेय. आज काय नवीन?"

"मला वाटायचं, तू गुणगुणतेस!"

काका दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन विचारत होते, जुना मळ परत मिळेल का म्हणून.

मध्यावर एकदा मोजणी झाली. मोजणी करायला बोंग सर यायचे. शांत स्वभावाचे, भिडस्त. त्यांच्याकडे एक इवलासा रबरी फुगा होता, तो जिभेने टाळूवर दाबायचा, किती जोर लागला त्याचा आकडा यंत्रावर दिसतो. एका नळीत जोरात फुंकायचं. मग गळ्याला एक छोटा माईक चिकटवून पाणी प्यायचं, आणि ते गिळण्याचा आवाज ऐकायचे. गंमत अशी की कोण गाणारी आणि कोण फुलवाली, हे बोंग सरांना कळता कामा नये. कळलं तर माणसाचा कान नकळत झुकतो, गाणारीचं गिळणं जरा गोड लागायला लागतं. म्हणून आम्हा सगळ्यांना ताकीद होती, सरांपुढे अवाक्षर काढायचं नाही. आणि आमच्या गावात अवाक्षर काढू नका म्हणणं म्हणजे समुद्राला भरती येऊ नकोस म्हणणं. बायका आत जायच्या आणि नुसत्या हसायच्या. सर घाबरून कानांवर हात ठेवायचे, "सांगू नका, आजी, कृपा करा, सांगू नका!"

दाललेची पाळी आली. ती आत शिरली, मान ताठ, ओठ घट्ट. आणि कुरळ्या केसांत, कानाच्या वर, तिनेच केलेलं पिवळंधम्मक कागदी शेवंतीचं फूल! सकाळी खोचलेलं विसरली होती. मेंग बाईंनी दारातून पाहिलं मात्र, किंचाळल्या, "सर, डोळे मिटा!" बोंग सरांनी डोळे मिटले. मेंग बाई झडप घालून आल्या, फूल उपटलं, लपवायला जागा सापडेना म्हणून खुर्चीवर टाकून त्यावर बसल्या. दाललेने त्या खुर्चीकडे पाहिलं आणि हुंदका दिला, "अहो, त्याला दोन तास लागले होते!" बोंग सर डोळे मिटलेलेच, "मी काही ऐकलं नाही, मी काही ऐकलं नाही." त्या दिवशी दाललेची मोजणी त्यांनी करायचीच नाही असं ठरलं. शहरातून दुसऱ्या बाई बोलवाव्या लागल्या.

आणि मालसून? पहिल्या वर्गात तिने तोंड उघडलं, आवाजच आला नाही. दुसऱ्या वेळी आला, तो नुसती हवा. दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती, आम्ही कात्री चालवता चालवता ऐकायचो. मग एक दिवस भिंतीपलीकडून असा एक आवाज आला, की जुन्या होडीची फळी निखळतेय असं वाटलं. आमच्या कात्र्या थांबल्या. दोघीतिघी फिदीफिदी हसायला लागल्या. मी दाललेकडे बघितलं. आता ही काहीतरी जबरी बोलणार.

दाललेने कान भिंतीला लावला. पुन्हा तो आवाज आला. लांबला. आणखी लांबला. आम्हालाच दम लागला, पण तो संपेना.

"सूर कुठल्या कुठे गेलाय," दालले म्हणाली. मग बोट वर केलं, "पण छाती बघा बाईची! एवढा दम हिने ठेवला कुठे होता?" आणि हसणाऱ्यांकडे वळून, "तुम्ही काय दात काढताय? एवढं ओढून दाखवा! नाही, थांबा, नका दाखवू. तुम्ही बिननासपतीच्या."

मालसून रोज सकाळी घरी सराव करायला लागली. तिची भिंत दाललेच्या अंगणाला लागून. गल्लीतली कुत्री तिच्या साथीला बसायची. दालले अंगणात कपडे वाळत घालताना तळमळायची. "चढताना हनुवटी वर करतेय, तिथेच चुकतंय," मला कानात सांगायची. पण मालसूनला सांगता येईना. तिला सांगितलं असतं, तर एका हंड्यातलं दुसऱ्यात गेलं असतं. स्वतःचीच हनुवटी दोन्ही हातांनी धरून ती आत निघून जायची.

हंगाम ओसरत आला होता. एका दुपारी आम्ही शेडमध्ये जेवायला बसलो, मधोमध कालवं घातलेल्या सूपचं भांडं वाफाळत होतं. मालसून डबा घेऊन आली आणि बाहेर न जाता चटईच्या कडेला उभी राहिली. "बसू का?" तिने विचारलं.

दालले सरकली. खरं तर तिला सरकायला जागा नव्हती, तिने मला ढकललं.

मालसून बसली. भात खाल्ला, सूप घेतलं, सावकाश, हनुवटी खाली घेऊन. मध्ये एकदा खोकली. लगेच उठायला लागली. दाललेने तिचा हात धरला.

"कुठे निघालीस?"

"माझ्या खोकल्याने तुमचं जेवण बिघडेल, दाललेताई. पाणी जरी प्यायले तरी ठसका लागायचा, तोंडातलं बाहेर यायचं. म्हणून मी बाहेर बसायचे."

वाऱ्याने शेडचा पत्रा वाजत होता. दालले एवढी लाल झाली की मला वाटलं हिला आता रडू येणार. पण ती दालले.

"अगं बये," ती म्हणाली, "माझा नवरा जेवताना ढेकर देतो, तेव्हा शेजारच्या घरात ताटं हलतात. आणि तू एवढ्याशा खोकल्यासाठी दोन वर्षं समुद्राला तोंड दाखवत बसलीस? खोक! पोटभर खोक! आणि हे घे, मुळ्याची किमची, माझी आहे." मग जरा थांबून, हळू आवाजात, "मी तुला राणीसाहेब म्हणायचे ना, ते… वाईट म्हणायचे. चुकलं माझं."

"मला माहीत होतं," मालसून म्हणाली. "भिंतीतून ऐकू यायचं. सगळंच ऐकू येतं तुझं." आणि ती हसली. तिला आम्ही दात दिसेपर्यंत हसताना पहिल्यांदाच पाहिलं, खरोखर सुंदर दात होते, सगळे स्वतःचे.

वसंतात निकाल सांगायला मेंग बाई आल्या. बैठकघर खचाखच भरलं होतं, पडद्यावर दोन रेघा होत्या, एक हिरवी, एक पिवळी. जिभेच्या जोरात हिरवी गाणारी रेघ चांगलीच वर गेलेली, पिवळी थोडीशीच. फुंकण्यातही गाणाऱ्या पुढे. प्रत्येक वेळी पिवळी रेघ दिसली की दालले उठून ओरडायची, "ही आमची! बघा, बघा, किती सरळ आहे!"

"आजी, सरळ असणं म्हणजे फार काही घडलं नाही," मेंग बाई म्हणाल्या.

"तेच तर आमचं काम होतं!"

मग मेंग बाई ठसक्यांवर आल्या. हिवाळ्यात कुणाला किती वेळा ठसका लागला, त्यात गाणाऱ्या किंचित बऱ्या होत्या. पण एवढा फरक नुसत्या नशिबानेही पडू शकतो. गाणाऱ्यांकडचे लोक हिरमुसले. दॉकपाल काकांनी, आता कान साफ असल्यामुळे, पहिल्या रांगेतून विचारलं, "ते काय सांगू नका. गायल्याने ठसका थांबतो की नाही? हो की नाही?"

"जीभ आणि दम बळकट होतो, एवढं आपल्याला दिसलं," मेंग बाई म्हणाल्या. "ठसका थांबतो का, हे सांगायला आणखी पुष्कळ माणसं आणि पुष्कळ हिवाळे लागतील."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त माहीत आहे, काका. आणि ज्यांना खरंच ठसका लागतो, त्यांनी आधी दवाखान्यात दाखवायचं. नुसतं गात बसायचं नाही."

मालसूनने हात वर केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "मी बळकट झाले म्हणून, की आता चार जणींत सावकाश जेवते म्हणून, ते मला कळत नाही."

"मलाही नाही कळत," मेंग बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला, जणू कुणी भेट दिली असावी. "हाच पुढचा प्रश्न आहे." मग त्यांनी सांगितलं की आनंदी वाटतं का, या प्रश्नाला दोन्ही खोल्यांनी जवळजवळ सारखीच उत्तरं दिली होती, आणि फुलवाल्यांतली एकही बाई गळली नव्हती. एकही नाही. असं त्यांच्या आजवरच्या कामात कधी घडलं नव्हतं.

टाळ्यांत दालले कुठे होती विचारू नका. ती खुर्चीवर चढली होती.

त्यानंतर आमची गाण्याची पाळी. पहिल्या दिवशी आम्ही फुलवाल्या त्या खोलीत अशा घुसलो, की दरवाजा निखळला. शिकवायला मदतनीस म्हणून मालसून. दालले पुढे उभी, पाय फाकवून, आता दाखवतेच अशा तयारीत.

"आधी पा-ता-का," मालसून म्हणाली. "ओठ घट्ट मिटून पा. जोरात."

"हे काय शिकवायचं? पा!"

आणि दाललेची कवळी, वरची, अख्खी, हवेतून गेली आणि समोरच्या सातूच्या चहात पडली. डुब्ब.

मग मालसून हसायला लागली, अशी की तिला भिंत धरावी लागली. दालले बोळक्या तोंडाने म्हणत होती, "हछू नका गं, माझा छहा!" आणि स्वतःच जमिनीवर बसून मांड्या बडवत हसत होती. आम्ही त्या दिवशी एकही सूर लावला नाही. मेंग बाई म्हणाल्या, हसण्यानेही त्याच स्नायूंना व्यायाम होत असेल, पण त्याबद्दल त्या आज काही बोलणार नाहीत.

आता मोठा अभ्यास समोरच्या बेटावर सुरू झालाय. तिथल्या लोकांना धीर द्यायला म्हणून दालले, मालसून आणि मी मेंग बाईंबरोबर बोटीने गेलो होतो. बेटाचा सरपंच आडदांड, आवाज बैलासारखा, लग्नांत गाणारा. संगणकाने त्याला फुलांत टाकलं. तो लालबुंद होऊन उठला, "यंत्र बिघडलंय!" दालले इतकी हसली की मालसूनला तिची पाठ चोळावी लागली. मग ती त्याच्याजवळ गेली, दंडाला धरून त्याला जमिनीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"पाकळ्या सोप्या असतात, भाऊ," ती त्याला सांगत होती. "देठ मात्र रडवतो. अंगठा असा धर."

त्याच्या फणसाएवढ्या मुठीत कागद गोळा होत होता. धक्क्यावर बोटवाल्याने भोंगा दिला, आम्ही हललो नाही. त्याने दुसऱ्यांदा दिला. मग तो स्वतःच बोट बांधून, टोपी काढून आत आला आणि म्हणाला, "नावं घेताय म्हणे. माझंही घ्या."